तानाबाईंच्या नावाची दहा किलो चटणी

१

चटणी खाऊन माणूस दवाखान्यात जातो, हे आम्हा कोल्हापूरकरांना पटायला अवघड जातं. नाकाडोळ्यांतून पाणी येतं, कान गरम होतात, ते वेगळं. त्याला आम्ही चव म्हणतो. पण पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात सात जणींना कांदा-लसूण चटणीतून विषबाधा झाली होती. सहा जणी दोन दिवसांत बऱ्या झाल्या. सातवी अजून सलाईनवर होती. आणि चटणीच्या पाकिटावर नाव छापलं होतं: तानाबाई खाडे, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर.

हे मला गुरुवारी सकाळी दहा वाजता कळलं. शुक्रवारी अकराला अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांसमोर सुनावणी होती. म्हणजे हातात एक दिवस, आणि तोही मला नेहमीप्रमाणे शेवटी दिलेला.

"मेहरूताई, उत्तर एकोणीस नंबरवर टाकायचं," संयोगिता म्हणाली आणि फाईल माझ्यापुढे सरकवून खिडकीबाहेर बघत बसली.

संयोगिता चौगले माझी अशील. तिच्या सासरची मिरची कांडपाची गिरणी उत्तरेश्वर पेठेत चाळीस वर्षं चालू आहे. बायका घरून मिरची, खोबरं, मसाला भाजून आणायच्या, समोर बसून कुटून घ्यायच्या आणि डबे भरून न्यायच्या. पुढे तयार पाकिटं आली, सुना नोकरीला लागल्या आणि गिरणीचा खडखडाट उन्हाळ्यातसुद्धा दुपारी थांबायला लागला. तेव्हा संयोगितानं डोकं चालवलं. गिरणीनं चटणी विकायची नाही. चटणी बायकांची, नाव बायकांचं, अन्न परवान्याची नोंदणीही जिची तिची. गिरणीनं फक्त या बायका आणि लांबचं गिऱ्हाईक यांची गाठ घालून द्यायची. त्या अ‍ॅपचं नाव 'कांडपकट्टा'. दोन वर्षांत एकतीस जणी कट्ट्यावर आल्या, आणि त्यांत पहिल्या नंबरावर अडुसष्ट वर्षांच्या तानाबाई.

कट्ट्याच्या अटी मी लिहिल्या. त्यातलं एकोणिसावं कलम असं: 'विक्रेतीच्या मोबाईलवर आलेला कोड टाकून ज्या मालाची नोंद पक्की झाली, तो माल तिनेच बनवला असे मानले जाईल व त्याची संपूर्ण जबाबदारी तिची राहील.' हे लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यायले होते. कट्टा हा नुसता मध्यस्थ. त्यानं मालाला हात लावला नाही तोवर कायदा त्याला सांभाळून घेतो. हात लावला की तो विक्रेता झाला, उत्पादक झाला, आणि सगळं त्याच्या गळ्यात.

"म्हणजे तानाबाईंवर ढकलायचं," मी म्हटलं.

"कोड त्यांच्याच फोनवर आलाय. तसं रेकॉर्ड आहे."

"त्यांची नोंदणी जाईल. वर खटला. त्या बाईला सहीपुरतं लिहिता येतं, संयोगिता."

"आणि कट्ट्यावर आलं तर एकतीस जणींचं जाईल." ती अजून खिडकीबाहेरच बघत होती.

फाईलमध्ये प्रयोगशाळेचा अहवाल होता. अकरा ओळींचा तक्ता. दोन ओळी लाल: बुरशी मर्यादेबाहेर, ओलावा मर्यादेबाहेर. बाकीच्या नऊ मी वाचल्या नाहीत. चटणीत तिखट किती आणि मीठ किती हे वाचून वकिलाला काय करायचंय?

दार ढकलून कुणीतरी आत आलं. काठापदराचं लुगडं, पायांना भेगा, टाचेला हळद लावलेली. तानाबाई. त्यांच्या हातात वसतिगृहात गेलेल्या मालातलंच एक पाकीट होतं, गिरणीत नमुना म्हणून ठेवलेलं. उशीसारखं फुगलेलं.

"मेहरू, तुजी आई माज्याच शेजारी बसून चटणी कुटायची," त्या म्हणाल्या. "म्हून तुला सांगती. हे माजं नाव हाय. पर ही माजी चटणी न्हाय."

२

मी उत्तर लिहायला न बसता गिरणीत गेले. संयोगिताला ते आवडलं नाही, पण नको म्हणायला तिला कारण सापडलं नाही.

गिरणीच्या दारातच एक स्टीलचा मोठा डबा आहे. "मोबाईल टाका हितं," मशीनवरचे मौलाचाचा ओरडले. तीस वर्षं त्या मशीनवर काढल्यामुळे ते घरीसुद्धा ओरडूनच बोलतात. "मिरचीचा हात फोनला, फोनचा हात डोळ्याला. मग पावणं, बोंबलत बसायचं."

आत अकरा मोबाईल होते. माझा बारावा. दिवसभर तो डबा दारात असतो, गिरणी बंद झाली की कोपऱ्यातल्या ऑफिसात जातो. काचेचं दार असलेलं ते ऑफिस, त्यात संगणक आणि लेबलं छापायचं यंत्र. गिरणीला खिडकी एकच, तीही मिरचीची धूळ शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून कायमची बंद. दहा मिनिटांत माझा घसा धरला. शटर अर्धं ओढलेलं. अशा जागी या बायका निवांत गप्पा कशा मारतात, हे मला लहानपणीही कळलं नव्हतं.

एकाएकी खडखडाट थांबला. मशीन बंद करून चाचा हाताची घडी घालून उभे राहिले. मशीनच्या तोंडाशी खडा मिठाची वाटी तयार होती. जिची चटणी होती ती बाई बाहेर रिक्षावाल्याशी भांडायला गेली होती. तिचं भांडण संपेपर्यंत पाच बायका, मी आणि चाचा, सगळे त्या वाटीकडे बघत बसलो.

"चाचा, घाला की तुम्हीच मीठ," मी खोकत म्हटलं. "उशीर होतोय."

चाचांनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं बघितलं. "मीठ जिचं तिनंच घालायचं असतंय. मोठ्या मालकीणबाईंच्यापासनं रीत हाय. दुसऱ्याच्या हातचं मीठ पडलं तर दोन घरांत भांडाण लागतंय."

"ती बाहेर भांडतेच आहे."

"ते येगळं," चाचा म्हणाले.

बाई आली, तिनं मुठीनं मीठ घातलं, मशीन सुरू झालं. मी तानाबाईंना घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसले.

"मावशी, पाकिटावरची तारीख माघातल्या पहिल्या रविवारची आहे. त्या दिवशी तुम्ही काय करत होता?"

"काय करीन? खेट्याला गेलते. माघातलं पाची रविवार मी जोतिबाला चालत जाती. अनवाणी. पंचवीस वर्सं झाली, एक खेटा चुकला न्हाय." त्यांनी टाच वळवून दाखवली. "फाटंचं निघालो, सांज करून आलो. पेठंतल्या धा बाया हुत्या संगं. ईचार कुणालाबी."

"पण दुपारी सव्वातीनला तुमच्या फोनवर कोड आला आणि तो टाकून लेबलं छापली गेली."

"आला आसंल. फोन माज्याजवळ कुटं हुता? देवाला जाताना मी काय बी न्हेत न्हाय. शनवारी हितंच डब्यात चार्जिंगला ठिवून गेलते."

म्हणजे कोड आला तेव्हा फोन कुलूपबंद ऑफिसात होता, तानाबाई डोंगरावर होत्या, आणि माझ्या एकोणिसाव्या कलमानुसार त्याच क्षणी त्यांनी दहा किलो चटणी बनवली होती. दोन कप चहा मला आठवला. लाज वाटली.

"मावशी, रविवारी गिरणी बंद असते ना?"

"खेट्याच्या रविवारी तर पाखरू नसतंय हितं," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "पर सोमवारी मी आलो तवा मशीनचं तोंड धुतल्यालं हुतं. शनवारी चाचा धूत न्हाईत कदी."

३

पहिली मोना. वय अठ्ठावीस, कट्ट्यावर दुसरा नंबर. तानाबाई गेल्या की पहिला. ती फोनसमोर चटणी वाढून दाखवते आणि तिचे व्हिडिओ लाखभर लोक बघतात. मीठ ती सैंधवच वापरते आणि ते चमच्यानं मोजते, म्हणून जुन्या बायका तिला हसतात.

"मला तानामावशींच्या जागेवर यायचंय, हे खरं आहे," ती तोंडावर म्हणाली. "पण त्यांच्या नावानं घाण माल पाठवून? उद्या गिऱ्हाईक म्हणेल कट्ट्याचं सगळंच घाण. माझंही मरण त्यातच आहे की, मॅडम."

"गिरणीची किल्ली तुझ्याकडे कधी असते?"

"मला ते लोक खुर्ची पण देत नाहीत."

दुसरे मौलाचाचा. मशीनच्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असते. रविवारी कुठे होता विचारल्यावर त्यांनी वर छताकडे बोट केलं, म्हणजे अल्लाला माहीत, आणि मग सांगितलं, "घरी. बायकोचं गुडघं धरलेत. चोळत बसलोतो."

"ऑफिसची किल्ली?"

"न्हाय. ऑफिसाच्या दोनच. एक संयोगिताकडं, एक सम्राटकडं. आनि आसती तरी काय करणार? मला आकडं बी वळकत न्हाईत. मोबाईलमदी हिरवं बटन दाबतो, लाल दाबतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. रागावण्याऐवजी ते हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, बोलले. "वकीलबाई, तानाबाईला काय व्हईल?"

"नोंदणी रद्द. दंड. पुण्यातल्या त्या पोरीला काही झालं तर तुरुंगसुद्धा."

त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि मशीनकडे गेले.

तिसरा सम्राट. संयोगिताचा धाकटा दीर. सासू वारली तेव्हा तो सातवीत होता, पुढचं सगळं वहिनीनं केलं. संगणक तोच बघतो, ऑर्डरी तोच घेतो. देशातल्या एका मोठ्या पोर्टलवर त्यानं कट्ट्याचं दुकान उघडलंय आणि तिथूनच निम्मी विक्री होते. तो सांगत होता आणि मला त्याच्या आवाजातून त्या पोर्टलच्या अटी ऐकू येत होत्या. त्या माझ्यापेक्षा चांगल्या वकिलानं लिहिल्या असणार. तीन महिन्यांत तीनदा माल उशिरा गेला की अख्खं दुकान गायब. एका बाईचं नाही, एकतीस जणींचं. दाद मागायची तर बेंगळुरूत.

"आणि तुमचा माल किती वेळा उशिरा गेला होता?"

"दोनदा."

"तिसरी ऑर्डर कोणती होती?"

त्यानं लेबलाच्या यंत्राचं झाकण उघडलं आणि परत लावलं. त्या बंद खोलीत माझा खोकला तेवढा ऐकू येत होता.

"पुण्याच्या वसतिगृहाची," तो शेवटी म्हणाला. "दहा किलो. रविवारी संध्याकाळी पाचच्या आत कुरिअरला द्यायची होती. तानामावशींचीच चटणी पाहिजे म्हणून लिहिलं होतं."

"मग ती कुणी दिली?"

त्यानं काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर संयोगिता कुणाच्या तरी डब्यावर नाव लिहीत होती.

"मी," सम्राट म्हणाला. "मी बनवली. कोड मी टाकला. लिहून घ्या, सही करतो."

४

कबुली मिळाली की वकिलानं पेन काढावं. मी चष्मा काढला आणि पुसत बसले. तो फार पटकन बोलला होता, आणि बोलताना माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. चौगल्यांच्या घरात हल्ली सगळेच काचेबाहेर बघून बोलत होते.

मनात आणखी एक गोष्ट टोचत होती. ते फुगलेलं पाकीट. तानाबाईंची चटणी वर्षभर बरणीत टिकते; आमच्या घरी दीड वर्षाची खाल्लेली मला आठवते. ही तीन आठवड्यांत कशी नासली? मिरची गिरणीतली, मसाला गिरणीतला, मशीन तेच. माझी आई लोणचं घालताना एकच गोष्ट दोनदा तपासायची, आणि ती कोणती हे आठवताच मी फाईल उघडली. या वेळी अकराच्या अकरा ओळी वाचल्या. नवव्या ओळीवर थांबले. ती ओळ लाल नव्हती, कारण चटणीत ते कमी असलं तर कायद्याला काही म्हणायचं नसतं.

मी फाईल मिटली.

"सम्राट, शाब्बास. आता नीट सांग. किती मिरची घेतलीस?"

"पाच किलो. ब्याडगी आणि संकेश्वरी."

"कांदा?"

"गिरणीत तळलेला असतो विकायला. तोच. लसूण पण."

"आणि मीठ किती घातलंस?"

तो थोडा हसलासुद्धा, एवढा सोपा प्रश्न. "किलोला पाव किलो. म्हणजे सव्वा किलो."

"खडा मीठ?"

"हो. मशीनमध्ये शेवटी."

मी फाईल उघडून नववी ओळ त्याच्यापुढे धरली. 'मीठ: आढळले नाही.'

सम्राटचा चेहरा उतरला. त्यानं ती ओळ तीनदा वाचली असेल.

"दहा किलो चटणीत चिमूटभरही मीठ नाही," मी म्हटलं. "म्हणून ती नासली, म्हणून पोरी आजारी पडल्या. ज्यानं ती बनवली त्याला हे माहीत असणार. तुला माहीत नव्हतं. तेव्हा गप्प बस आणि वहिनीला आत पाठव. जाताना शटर पूर्ण खाली ओढ."

५

शटर खाली आलं तशी गिरणी अंधारली. बायका गेल्या होत्या. एक दिवा, एक मशीन, आणि समोर संयोगिता. तिनं खुर्ची घेतली नाही.

"आधी ऐक," मी म्हटलं. "मी तुझी वकील आहे. तू सांगशील ते मला बाहेर बोलता येत नाही. पण खोटं आहे हे कळल्यावर ते लिहून दाखल करताही येत नाही. म्हणजे मीही तुझ्याबरोबर इथेच कोंडले गेलेय. तेव्हा बोलायचं काम आधी मी करते."

ती मशीनच्या तोंडाला चिकटलेली मिरची नखानं खरवडू लागली.

"ज्यानं हे केलं त्याला ऑफिसात जाता आलं पाहिजे, फोनवरचा कोड वाचता आला पाहिजे आणि लेबलं छापता आली पाहिजेत. तिथे चाचा गळाले, मोना गळाली. उरलात तू आणि सम्राट. आता चटणीकडे बघ. बाहेरच्या कारखान्यातून आणली असती तर तिच्यात मीठ असतं, उलट जास्तच असतं. सम्राटनं केली असती तर त्यानं सव्वा किलो मीठ मोजून घातलं असतं. आत्ताच हसत सांगितलं त्यानं; त्याला ती रीत म्हणजे म्हाताऱ्यांचा खुळेपणा वाटतो. मीठ विसरलं म्हणावं तर या गिरणीत मीठ कुणी विसरत नाही, त्याच्यासाठी मशीन थांबतं. मीठ कुणीतरी मुद्दाम घातलं नाही. बाकी सगळं केलं आणि तिथे हात थांबला. दुसऱ्याच्या चटणीत मीठ घालायचं नसतं, असं हाडात भिनलेलं माणूस. चाचा तसे आहेत, पण त्यांना अक्षर येत नाही. अक्षरही येतं, किल्लीही आहे आणि मिठालाही भितं, असं इथे एकच माणूस आहे."

संयोगिता हळूहळू खाली बसली, मशीनच्या पायाशी, जिथे बायका बसतात तिथे.

"मी त्यांना फोन केला होता, ताई," ती म्हणाली. "विचारायला. फोन माझ्यासमोर डब्यातच वाजला."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"साडेअकरा वाजले होते. पाचपर्यंत माल गेला नसता तर दुकान गेलं असतं. एकतीस जणींतल्या नऊ जणींचं घर त्याच्यावर चालतं. पोर्टलला कळवलं, आमची मावशी देवाला गेलीय, एक दिवस द्या. तिकडून मशीन बोलतं. 'आपल्या संपर्काबद्दल धन्यवाद.' मग मी मिरची काढली. मावशींची पद्धत मला पाठ आहे. त्यांच्यापेक्षा वेगळं मी काहीच केलं नाही. सगळं झालं आणि मिठाची वाटी हातात घेतली..."

"आणि?"

"सासूबाई दिसल्या. इथे उभ्या असायच्या. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एकीच्या चटणीत मीठ टाकलं होतं, मदत म्हणून. त्यांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला होता." ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. "मला वाटलं, पोरी भाजीत मीठ घालतातच. अळणी लागेल, एवढंच. टिकायचा विचार डोक्यातच आला नाही. खरं सांगते, नाही आला."

मला तिची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. "त्यांचं नाव छापलंस, त्यांचा कोड टाकलास, त्यांच्या नोंदणीचा नंबर टाकलास. आणि मिठाला मात्र हात लावला नाहीस!"

"नावाला हात लावू नये असं कुणी शिकवलंच नव्हतं, ताई," ती म्हणाली.

नाव, कोड आणि नोंदणी यांचे नियम शिकवायचं काम ज्या कागदानं करायचं, तो मी लिहिला होता, आणि त्यात मी फक्त कट्टा सुटेल एवढंच पाहिलं होतं. तिला बाहेर काढणारं दार म्हणून ते कलम केलं होतं. त्यात अडकली तानाबाई.

"उद्या दोनच रस्ते आहेत," मी म्हटलं. "एकोणीस नंबर लावून उत्तर दिलंस तर तू सुटशील. कदाचित पूर्ण सुटशील. पण ते उत्तर लिहायला दुसरा वकील बघ. खरं सांगितलंस तर कट्टा मध्यस्थ राहत नाही. तू उत्पादक. दंड तुला, परवाना जाईल तो तुझा, त्या पोरींची भरपाईही तुझ्याकडून. पोर्टल तर उद्याच दार लावेल."

"आणि पुण्याची ती मुलगी?"

"सकाळी विचारलं होतं. ताप उतरलाय."

तिनं हातावरची मिरचीची धूळ झटकली. मग उठली आणि शटर वर करायला लागली. ते गंजलेलं आहे, एकटीला झेपत नाही. पलीकडून कुणीतरी हात लावला. शटर वर गेलं तेव्हा दारात मौलाचाचा होते आणि त्यांच्यामागे तानाबाई, हातात तेच फुगलेलं पाकीट. आता ते फाडलेलं होतं.

"जिभंला लावून बगितली," तानाबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "अळणी हाय. चाचाला दावली. चाचा म्हनला, ह्ये आपल्याच गिरणीतल्या माणसाचं काम हाय."

संयोगिता त्यांच्या पायाशी वाकली. तानाबाईंनी पाय मागे घेतले.

"पाया कशापायी पडतीस? पाय दुखत्यात माजं." त्यांचा आवाज फाटला. "मी डोंगरावर तुज्या नावानं गुलाल उधळलोतो गं त्या दिवशी. गिरणी चालूंदे म्हनून."

६

सुनावणी वीस मिनिटं चालली. संयोगितानं स्वतः सांगितलं, मला बोलू दिलं नाही. गिरणीचा परवाना तीस दिवस निलंबित झाला, दंड झाला, भरपाईचं प्रकरण पुण्यात सुरू झालं. तानाबाईंचं नाव नोटिशीतून वगळलं. पोर्टलवरचं दुकान त्याच संध्याकाळी नाहीसं झालं, आणि त्यांचा निरोप आला: आपल्या संपर्काबद्दल धन्यवाद. नऊ जणी कट्टा सोडून गेल्या. सातव्या मुलीला घरी सोडल्याचं कळलं तेव्हा संयोगिता ऑफिसात दार लावून रडली, काचेचं दार असल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

तीस दिवसांनी, चैत्रात, गिरणी पुन्हा सुरू झाली. नव्या अटी घेऊन मी गेले तर बारा-पंधरा बायका मिरच्या घेऊन बसल्या होत्या. त्यात तानाबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या होत्या. संयोगिताशी बोलत मात्र नव्हत्या.

"दुसरी गिरणी लांब पडती," मी न विचारताच त्या म्हणाल्या.

दारात संयोगितानं मोबाईलचा डबा पुढे केला. एकेकीनं फोन टाकला. तानाबाईंनी आपला फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, आणि फडक्यात गुंडाळून कमरेला खोचला. संयोगितानं डबा खाली ठेवला.

मशीन सुरू झालं. मी चाचांच्या स्टुलावर बसून कागद मांडीवर घेतला. एकोणीस नंबर मी पूर्ण खोडला होता आणि त्या जागी नवीन काय लिहावं हे मला चार दिवस सुचत नव्हतं. कोड चालत नाही, अंगठा चालत नाही, फोटोही खोटा निघू शकतो.

"काय लिवायलीस?" तानाबाई ओरडल्या.

"चटणी कुणाची, हे कशावरून ठरवायचं ते!"

"त्यात काय ठरवायचंय?" मशीन थांबलं होतं, तरी त्या ओरडतच होत्या. त्यांनी वाटीतलं मीठ मुठीत घेतलं. "लिव्ह. मीठ जिच्या हातचं, चटणी तिची. तिनं मीठ घालंपतोर लेबल छापायचं न्हाय. आनि कुणी परगावी गेली, देवाला गेली, तर माल जायाचा न्हाय. गिऱ्हाईक थांबंल न्हायतर जाईल."

"आणि तुम्ही आजारी पडला, आणि तुमच्याऐवजी कुणी घालायचं झालं तर?" मी विचारलं. वकिलाची सवय, दुसरं काय.

तानाबाईंनी मूठ मशीनवर धरली तशीच ठेवली. पहिल्यांदा त्यांनी संयोगिताकडे पाहिलं. ती दारात उभी होती, डब्याशेजारी.

"तर मला ईचारून घालायचं," त्या म्हणाल्या. "मी जोतिबाच्या डोंगरावर आसलो तरी तितं यिऊन ईचारायचं."

त्यांनी मीठ घातलं. चाचांनी बटण दाबलं. खडखडाटात मी कलम एकोणीस पुन्हा लिहून काढलं आणि खोकत खोकत बाहेर आले.